पीसीटी, यकृत आणि लोह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीटी म्हणजे नेमका कोणता आजार?

पूर्ण नाव पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा. स्वीडनचे डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रोम यांनी १९३७ साली हे नाव वापरात आणलं. पोर्फिरिया हे आजारांचं एक कुटुंबच आहे आणि त्यात जगभर सगळ्यांत जास्त आढळतो तो पीसीटी. लोहाच्या मदतीने यकृतातलं एक एन्झाइम अडतं आणि हा आजार होतो, म्हणून पुढे सारखं यकृत आणि लोहाबद्दल येईल. तरी एकूणात दुर्मीळच. त्यामुळे निदान व्हायच्या आधी बऱ्याच जणांचं ॲलर्जी, गजकर्ण, 'साबण बाधला' असं सगळं करून झालेलं असतं.

सुरुवात बहुधा चाळिशीनंतर होते. पंजाच्या मागच्या बाजूची कातडी इतकी नाजूक होते की खिशात हात घालताना किंवा भांड्याची कड लागली तरी साल निघते. मग पाण्याचे फोड, खपल्या, डाग. फोड भरून आल्यावर तिथे मोहरीपेक्षाही बारीक, कडक, पांढरे दाणे राहतात. कानशिलांवर आणि गालांच्या वरच्या भागात लव वाढते, चेहरा काळवंडतो. बायकांना ही लव फोडांपेक्षा जास्त त्रास देते आणि त्या आधी पार्लरमध्ये जातात, डॉक्टरांकडे नंतर. लघवी लालसर किंवा तपकिरी होते, पण ते 'उष्णता वाढली' म्हणून सोडून दिलं जातं.

रिपोर्टमध्ये लिव्हर एन्झाइम वाढलेत. लोहामुळे बिघडतं ते एन्झाइम हेच का?

नाही, आणि घोटाळा बहुतेक इथेच सुरू होतो.

लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये दिसणारे एसजीपीटी आणि एसजीओटी यकृताच्या पेशींच्या आत काम करतात. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळतात, म्हणून आकडा चढतो. पीसीटीत ते थोडेफार वाढलेले असणं नेहमीचं आहे. दारू, हिपॅटायटिस सी, यकृतातली चरबी, साठलेलं लोह यांपैकी कशाचाही त्यात हात असू शकतो.

पीसीटी ज्याच्यामुळे होतो ते एन्झाइम वेगळंच. त्याचं नाव लांबलचक आहे, युरोपोर्फिरिनोजेन डीकार्बोक्सिलेज, म्हणून त्याला यूआरओडी म्हणू. ते रक्तात गळत नाही आणि लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये दिसतही नाही. एसजीपीटी नॉर्मल म्हणून पीसीटी नाही, असं म्हणता येत नाही. एसजीपीटी चढलं म्हणून यूआरओडी बिघडलं, असंही नाही.

हे यूआरओडी करतं तरी काय?

हिमोग्लोबिनमधला लोह धरून ठेवणारा भाग म्हणजे हीम. तो शरीरात आठ टप्प्यांनी तयार होतो आणि दर टप्प्याला एक एन्झाइम असतं. यूआरओडी पाचव्या टप्प्यावर आहे. त्याच्याकडे येणाऱ्या रेणूला आठ कार्बोक्सिल गट असतात. त्यातले चार ते एकेक करून काढतं आणि उरलेला माल पुढे पाठवतं.

हे काम अडलं की आठ, सात, सहा, पाच गटांचे अर्धवट रेणू यकृतात तुंबतात. त्यांचं ऑक्सिडेशन होऊन पोर्फिरिन बनतं. ते रक्तात उतरतं, तिथून कातडीत आणि लघवीत जातं. यकृताचा बारीकसा तुकडा तपासणीला काढला आणि ताजा असतानाच अतिनील दिव्याखाली धरला, तर तो लालभडक चमकतो. डॉक्टरी पेशातल्या माणसालाही पहिल्यांदा पाहताना चकित व्हायला होतं.

मग लोह या एन्झाइमला मारतं का?

थेट नाही. लोह यूआरओडीला जाऊन चिकटतं आणि ते बंद पडतं, इतकं सरळ हे नाही. स्पोरॅडिक, म्हणजे आनुवंशिक नसलेल्या पीसीटीत यकृतातलं यूआरओडी मोजलं, तर प्रथिन म्हणून ते जवळपास पुरेसं भरतं. फक्त काम करत नाही. कुलपात काडी मोडून बसावी तसं: कुलूप शाबूत, पण किल्ली फिरत नाही.

ही काडी यकृत स्वतःच तयार करतं. पेशीत मोकळं, क्रियाशील लोह असलं की ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. यूआरओडीकडे निघालेला युरोपोर्फिरिनोजेन त्यांच्या तावडीत सापडला तर त्याचं अर्धवट ऑक्सिडेशन होतं. पूर्ण झालं असतं तर त्याचं पोर्फिरिन झालं असतं, पण तो मधेच अडकतो. हा अर्धवट रेणू दिसायला मूळ मालासारखाच असल्यामुळे यूआरओडीच्या खाचेत जाऊन बसतो आणि हलत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी पीसीटीसारखा आजार झालेल्या उंदरांच्या यकृतात असा अवरोधक, म्हणजे अडवणारा रेणू, ओळखला. तो होता युरोपोर्फोमेथीन. रुग्णांच्या यकृतातही यूआरओडीला अडवणारा पदार्थ त्यांना सापडला.

या कामात लोहाला एक जोडीदार लागतो: सीवायपी१ए२. औषधं आणि कॅफीन पचवणारं हे यकृतातलंच दुसरं एन्झाइम. ज्या उंदरांतून ते जनुकीय पद्धतीने काढून टाकलं, त्यांना लोह पाजूनही हा आजार झाला नाही. सिगारेटच्या धुराने हेच एन्झाइम वाढतं. पीसीटीच्या रुग्णाला डॉक्टर सिगारेट सोडायला सांगतात, त्यामागे फुप्फुसांइतकंच हेही कारण आहे.

यूआरओडीची क्षमता निम्म्यावर आली तरी काही बिघडत नाही. यकृतात ती साधारण वीस टक्क्यांच्या खाली गेली की फोड सुरू होतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लोह काढून घेतलं की नवा अवरोधक तयार होणं थांबतं, यकृत ताजं यूआरओडी बनवतं आणि काम पुन्हा सुरू होतं. एन्झाइम कायमचं गेलेलं नसतं.

दोष यकृतात, मग फोड हातावरच का?

हात उघडे असतात म्हणून. पोर्फिरिन ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा आजूबाजूच्या ऊतींना इजा करते. चेहरा, मान आणि पंजे हीच उन्हाची जागा. पण ऊन लागल्याबरोबर आग होत नाही, फोड काही दिवसांनी उठतो. त्यामुळे उन्हाचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही.

माझं फेरिटिन नॉर्मल आलंय. तरी लोह कमी करायचं?

बहुतेक वेळा हो. फेरिटिन ही शरीरात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, पण 'नॉर्मल' हा शब्द इथे फसवा आहे. लॅबची मर्यादा निरोगी लोकांवरून ठरवलेली असते आणि निरोगी माणसाच्या यकृतात तेवढ्या लोहाने काही होत नाही. पीसीटीच्या यकृतात तेवढंच लोह अवरोधक बनवायला पुरतं. म्हणून उपचारात फेरिटिन नॉर्मल पट्ट्याच्या तळाशी, साधारण १५ ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत मुद्दाम खाली आणतात.

याची उलट बाजूही आहे. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात यकृत लोहाने गच्च भरतं, पण त्यातल्या बहुतेकांना पीसीटी होत नाही. म्हणजे नुसत्या लोहाने भागत नाही, सोबत आणखी काहीतरी लागतं. मात्र ते 'आणखी काहीतरी' कोणतंही असलं तरी लोहावाचून त्याचं चालत नाही, म्हणून उपचार लोहापासूनच सुरू होतो.

माझ्या यकृतात लोह साठलं कसं? मी तर गोळ्याही घेत नाही.

आतड्यातून किती लोह आत घ्यायचं हे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं आणि ते यकृतातच बनतं. दारू आणि हिपॅटायटिस सी, दोन्हींमुळे हेप्सिडिन कमी होतं. मग आतडं गरजेपेक्षा जास्त लोह शोषायला लागतं. पीसीटीच्या रुग्णांत दारू, हिपॅटायटिस सी, सिगारेट, एचआयव्ही आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांपैकी एक नाही, बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र सापडतात. दारू इथे 'रोज किती' या प्रश्नाची नाही, थांबवायची गोष्ट आहे.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत हिमोक्रोमॅटोसिसचं सी२८२वाय हे जनुकीय रूप बरंच आढळतं. भारतीयांत ते जवळजवळ नसतं, एच६३डी मात्र दिसतं. त्यामुळे परदेशी वेबसाइट वाचून महागडी जनुकीय तपासणी आपणहून करू नका. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणी मात्र चुकवू नका. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि विषाणू गेल्यावर काहींचा पीसीटीही त्याच्या मागोमाग जातो.

आनुवंशिक आहे का? मुलांना होईल?

पाचातल्या साधारण एकाला जनुकीय दोष असतो. त्याच्या सगळ्या पेशींत जन्मापासून यूआरओडी निम्मंच असतं. पण मघाशी म्हटलं तसं, निम्म्यावर भागतं, म्हणून दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. मुलांच्या लग्नात हा विषय अडसर ठरावा असा हा आजार नाही. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर मात्र लहानपणीच तीव्र आजार होतो. तो अतिशय दुर्मीळ आहे.

एखाद्या रसायनामुळे पीसीटी होऊ शकतो?

होऊ शकतो, आणि त्याची किंमत एका देशाने मोजली आहे. १९५५ ते १९५९ या काळात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात पेरणीसाठी दिलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. काणी रोग पडू नये म्हणून त्याला हेक्झाक्लोरोबेंझिन चोळलेलं होतं. साधारण तीन ते चार हजार लोकांना पीसीटीसारखा आजार झाला, त्यात शाळकरी वयाची मुलं फार. हातांवर फोड, चेहऱ्यावर लव, काळपट-लाल लघवी. विष आयांच्या दुधात उतरलं आणि अंगावर पिणारी कितीतरी बाळं दगावली. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की हेच रसायन लोहासोबत दिलं तर आजार लवकर आणि जोरात येतो, लोह कमी असलेल्या प्राण्यांत तो मंदावतो.

निदान कशावरून होतं?

लघवीतल्या आणि रक्तातल्या पोर्फिरिनवरून. लघवीत आठ आणि सात कार्बोक्सिल गटांची पोर्फिरिन वाढलेली असतात. रक्तद्रवाच्या फ्लुरोसन्स तपासणीत शिखर ६२० नॅनोमीटरच्या आसपास येतं. नमुना उजेडात राहिला तर पोर्फिरिन नासतं, तेव्हा बाटली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून द्या. कलेक्शनला आलेला मुलगा फॉइल नको म्हणाला तरी गुंडाळाच.

लोह कमी करायला रक्त काढणं हा पीसीटीचा उपचार, पण नुसते फोड पाहून तो सुरू करू नये. व्हेरिगेट पोर्फिरिया या त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या आजारात हातावर हुबेहूब असेच फोड येतात, पण त्यात रक्त काढून उपयोग नसतो आणि काही औषधं जिवावर बेततात. नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकानेही असे फोड येतात आणि तेव्हा पोर्फिरिन नॉर्मल असतं.

उपचार म्हणजे रक्त काढणं? किती?

१९६१ साली जर्मनीत इपेन या डॉक्टरांनी ही पद्धत आणली आणि आजही तीच पहिल्या पसंतीची आहे. साधारण दर दोन आठवड्यांनी एक पिशवी, प्रकृती आणि वजन पाहून.

हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन १३ असेल तर ३५० मिलिलिटरच्या पिशवीतून सुमारे १५५ मिलिग्रॅम लोह जातं. हिमोग्लोबिन १४ आणि पिशवी ४५० मिलिलिटरची असेल तर दोनशेच्या वर. आहारातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घेतं. म्हणजे एका पिशवीने कित्येक आठवड्यांची जमा एकदम खर्ची पडते. नवं हिमोग्लोबिन बनवायला शरीर यकृतातल्या साठ्याला हात घालतं आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. बहुतेकांना पाच ते आठ वेळा पुरतं. हिमोग्लोबिन दहा-अकराच्या खाली जाऊ देत नाहीत.

फेरिटिन आधी खाली येतं, पोर्फिरिन त्यानंतर, फोड हळूहळू थांबतात आणि कातडीचा नाजूकपणा सगळ्यांत शेवटी जातो. तिसऱ्या पिशवीनंतर 'काहीच फरक नाही' म्हणून सोडून देणारे याच टप्प्यावर सोडतात.

जळवा लावल्या तर चालेल? किंवा रक्तदानच केलं तर?

एक जळू साधारण दहा मिलिलिटर रक्त पिते. वरच्या हिशोबाने चार-साडेचार मिलिग्रॅम लोह. एका पिशवीच्या बरोबरीला तीस-पस्तीस जळवा लागतील, त्याही फोड आलेल्या नाजूक कातडीवर. हा नाद नको. रक्तदान शिबिरात आजार लपवून रक्त देणंही चुकीचं. रक्तपेढीत डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून 'थेरप्युटिक फ्लेबॉटमी' (उपचारासाठी रक्त काढणं) म्हणून नोंद करा. हे रक्त सहसा दुसऱ्याला देत नाहीत.

माझं हिमोग्लोबिनच कमी आहे, रक्त कसं काढणार?

अशांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देतात, कोविडच्या पहिल्या लाटेत घरोघर माहीत झालेली तीच गोळी. ती लोह काढत नाही, यकृतात तुंबलेलं पोर्फिरिन बाहेर काढते. डोस मात्र नीट वाचा: १०० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा. म्हणजे २०० च्या गोळीची अर्धी, तीही रोज नाही. संधिवाताला देतात तसा रोजचा पूर्ण डोस पीसीटीत घेतला तर पोर्फिरिन एकदम यकृतातून सुटतं, ताप येतो, लघवी गडद होते आणि एसजीपीटी उसळतं. दुकानदाराने 'रोज एक' सांगितलं तर ऐकू नका. सुरू करण्याआधी आणि चालू असताना डोळे तपासून घ्यावे लागतात.

डायलिसिसवरच्या रुग्णांची गोष्ट निराळी. त्यांना लोहाची इंजेक्शनं चालू असतात, पोर्फिरिन लघवीवाटे जात नाही आणि ही गोळीही फारशी लागू पडत नाही. तिथे किडनीचे आणि त्वचेचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात: लोहाचं इंजेक्शन थांबवणं, एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारं औषध) देणं, थोडं थोडं रक्त काढणं.

अशक्तपणासाठी लोहाची गोळी, भस्म, टॉनिक?

पीसीटी चालू असताना बंद. आपल्याकडे थकवा म्हटला की लोह, हे समीकरण इतकं पक्कं आहे की विचारल्यावाचूनच दिलं जातं. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ज्याला रक्तक्षय आहे त्याला ती हवीच, पीसीटीच्या रुग्णाला नको. लोहभस्म, मंडूरभस्म, पुनर्नवा मंडूर यांतही लोहच असतं आणि गंमत म्हणजे त्यातलं शेवटचं 'लिव्हरसाठी चांगलं' म्हणून दिलं जातं. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीमागची यादी वाचा, 'फेरस' किंवा 'आयर्न' दिसलं तर दुसरी घ्या. गरोदरपणात मात्र यातलं काहीही स्वतः ठरवू नका.

लोखंडी कढई, पालेभाजी, रेशनचा तांदूळ?

आहाराचं फार मनावर घेऊ नका. मेथी-पालकातलं लोह अंगी कमीच लागतं, भाजी सोडून काही मिळत नाही. कलेजी आणि तांबडं मटण उपचार संपेपर्यंत बेताने. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालतात. पाव किलो तांदळातून सात-दहा मिलिग्रॅम पोटात जातं आणि त्यातलं थोडंच शोषलं जातं. घरात दुसरा पर्याय असेल तर बदला, नसेल तर घाबरू नका, एक पिशवी रक्त त्याहून पुष्कळ जास्त लोह काढते.

लोखंडी भांड्याचा प्रश्न मात्र पोकळ नाही. दक्षिण आफ्रिकेत घरगुती बिअर लोखंडी भांड्यांत आणि पिंपांत आंबवायची रीत होती. आंबट बिअर लोखंड विरघळवते. वर्षानुवर्षं ती पिणाऱ्या पुरुषांच्या यकृतात लोहाचा साठा झाला आणि त्यांच्यात पीसीटीही पुष्कळ दिसला. लोह आणि दारू एकाच भांड्यातून. आपल्या कढईत भाजी दहा मिनिटं परतली जाते, त्याचं काही नाही. चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी तीत उकळून रात्रभर तशीच ठेवत असाल, तर तेवढं भांडं बदला.

उन्हापासून कसं सांभाळायचं? सनस्क्रीन पुरेल?

नेहमीचं पारदर्शक सनस्क्रीन फार कामाचं नाही, कारण त्रास देणारा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यातला आहे. तो खिडकीच्या आणि गाडीच्या काचेतूनही येतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपी हेच खरं. दुचाकीवर बायका वापरतात ते लांब हातमोजे उत्तम, पुरुषांनीही लाजू नये. क्रीम लावायचंच तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं दाट, किंवा रंग असलेलं. रंगीत क्रीममध्ये आयर्न ऑक्साइड असतं, पण ते कातडीवरच राहतं, यकृतात जात नाही.

उपचारानंतर पुन्हा होतो का? यकृताचं पुढे काय?

पुन्हा होऊ शकतो, विशेषतः दारू सुरू राहिली किंवा लोह पुन्हा साठलं तर. म्हणून वर्षातून एकदा पोर्फिरिन आणि फेरिटिन तपासून घ्यावं. उलटल्यास पुन्हा त्याच उपचाराने आटोक्यात येतो. एसजीपीटी उपचारानंतर बरेचदा उतरतं. उतरलं नाही तर कारण दुसरं शोधावं लागतं. लोह गेलं तरी आधी झालेला सिरोसिस, म्हणजे यकृतात पडलेले कायमचे व्रण, जात नाही आणि अशा यकृतात कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. ज्यांना सिरोसिस आहे त्यांनी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये, हात कितीही स्वच्छ दिसले तरी.

माझ्या भाचीला लहानपणापासून दुसरा पोर्फिरिया आहे, ऊन लागलं की आग होते. तिचंही लोह बंद करायचं का?

नाही. वर्णन एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरियासारखं वाटतं. त्यात दोष आठव्या टप्प्यावर, मुख्यतः अस्थिमज्जेत असतो आणि त्या टप्प्याचं काम म्हणजे पोर्फिरिनमध्ये लोह बसवणं. अशा मुलांत लोह आधीच कमी असणं नेहमीचं आहे. तिचं रक्त काढायचं नाही. लोह द्यायचं की नाही हे तिचे डॉक्टर तिचे रिपोर्ट पाहून ठरवतील. तुमची फाइल दाखवून तिचा उपचार ठरवू देऊ नका.